पाय पुढे करणं

आजचा वाचनभाग : योहान १३:१-१७



योहानाचा तेरावा अध्याय आपल्यातल्या बहुतेकांना लहानपणापासून माहीत आहे. संडे स्कूलच्या भिंतीवर ते चित्र असायचंच. येशू गुडघे टेकून बसलाय, कमरेला रुमाल गुंडाळलाय, समोर पाण्याचं भांडं आहे. बाई विचारायच्या, "मग आपण कोणासारखं व्हायचं?" आणि सगळा वर्ग एका सुरात, "येशूसारखं!" उत्तर बरोबरच आहे. चौदाव्या-पंधराव्या वचनात प्रभू स्वतःच सांगतो की मी तुम्हाला कित्ता घालून दिलाय.

पण त्या चित्रात अजून एक माणूस आहे. तो अवघडून बसलाय, पाय मागे ओढून घेतोय. पेत्र. त्याच्याकडे बघून आपण काय शिकायचं, हे सहसा कोणी विचारत नाही. आज आपण त्याच्याजवळ बसू या, आणि एक साधा प्रश्न मनात ठेवू या. जास्त नम्रता कशाला लागते? दुसऱ्याचे पाय धुवायला, की आपले पाय दुसऱ्याला धुऊ द्यायला?

पेत्राची त्या रात्रीची तीन वाक्यं बघा. सहाव्या वचनात तो चकित होऊन विचारतो, की प्रभू, तू माझे पाय धुणार? आठव्यात तो ठाम नकार देतो. आणि येशू जेव्हा सांगतो की मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, तेव्हा नवव्या वचनात तो पार दुसऱ्या टोकाला जातो. मग नुसते पाय कशाला, हात आणि डोकंही धू!

यातला नकार आपल्याला फार आवडतो. आपल्याकडे पाय धुतात ते गुरूचे. लग्नात नवरदेवाचे. बाहेरून आलेल्या पाहुण्याला दारातच पाय धुवायला पाणी देतात. मोठ्यानं लहानाचे पाय धुवायचे, हे आपल्या डोक्यातच बसत नाही. म्हणून "नाही प्रभू, तू नको" हे पेत्राचं म्हणणं आपल्याला एकदम संस्कारी वाटतं. आपण असतो तर आपणही तेच म्हणालो असतो.

आणि तरीही येशू त्याला शाबासकी देत नाही. उलट त्या संध्याकाळचे सगळ्यात कडक शब्द त्यालाच ऐकायला मिळतात. वाटा नाही म्हणतो प्रभू. एवढं काय चुकलं पेत्राचं?

याच अध्यायाच्या शेवटी जा, सदतिसाव्या वचनावर. तिथे पेत्र येशूला म्हणतो की मी तुझ्यासाठी जीव देईन. एकाच संध्याकाळी, एकाच माणसाच्या तोंडून आलेल्या या दोन गोष्टी आहेत. माझे पाय धुऊ नकोस, आणि तुझ्यासाठी मी मरेन. द्यायची वेळ आली तर जीवसुद्धा तयार, आणि घ्यायची वेळ आली तर साधे पाय पुढे होत नाहीत. त्याचं प्रेम खोटं नव्हतं. पण त्या प्रेमात देणारा कायम पेत्रच असायला हवा होता. येशू हे ओळखून होता. जो फक्त द्यायलाच तयार असतो, त्याला अजून स्वतःची गरज कळलेली नसते. आणि ज्याला स्वतःची गरज कळलेली नाही, त्याला तारणारा कशाला हवा?

अजून एक बारीक गोष्ट आहे. पेत्र शेवटी तयार होतो, पण तेव्हाही माप तोच ठरवायला जातो. हात पण, डोकं पण! प्रभू त्याला थांबवतो. ज्यानं अंघोळ केलीय त्याला पाय धुतले की पुरे. घेणाऱ्यानं नाही म्हणायचं नसतं, आणि किती घ्यायचं ते ठरवायचंही नसतं. समोरचा जे घेऊन आलाय, तेवढं घ्यायचं. हे वाचायला सोपं आहे. करायला किती जड जातं, ते आपल्या पेठेत या म्हणजे कळेल.

भवानी पेठेत राहणाऱ्याला शेजार म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. भिंतीला भिंत लागलेली घरं. एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही भाषा ऐकू येतात. कुठे मागाचा खडखडाट, कुठे उंबऱ्यात बसून विड्या वळणाऱ्या बायका. आणि नळाचं पाणी! बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर पटत नाही. उजनीसारखं मोठं धरण जिल्ह्यातच आहे, पण सोलापूर शहरात पाणी काही काही दिवसांआड सुटतं. "पाणी आलंय ओ!" अशी हाक गल्लीतून फिरली की सगळे धावतात. ज्याच्या घरी त्या वेळी कोणी नसतं, त्याचं पाणी शेजारी भरून ठेवतात. ज्याची मोटर बिघडलीय, त्याला शेजारची अक्का म्हणते, "आमच्याकडच्या चार घागरी न्या की." एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात चार घागरींची किंमत काय असते, ते ज्यानं काढलंय त्यालाच माहीत.

मग सणाचा डबा. नाताळात आपल्याकडून करंज्या आणि शंकरपाळ्या जातात, दिवाळीत शेजारून चिवडा येतो, ईदला शिरखुर्मा, संक्रांतीला तिळगूळ. डब्याचा एक नियम सगळ्यांनाच ठाऊक आहे. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. आणि दुसरा नियम कोणी बोलून दाखवत नाही, पण पाळतात सगळे. डबा लगेच परत करायचा नाही. शेंगाची चटणी आली आणि तुम्ही पाच मिनिटांत डबा धुऊन, साखर घालून परत दिलात, तर समोरची बाई मनात म्हणते, "इतकी घाई? आमचं काही अंगावर ठेवायचं नाही वाटतं यांना." दोन-चार दिवस डबा तुमच्या घरात राहायला हवा. त्या दिवसांत तुम्ही तिचं देणं लागता. देणं लागत असताना मान ताठ ठेवायची नसते आणि खालीही घालायची नसते, नुसतं शेजारी म्हणून राहायचं असतं. हे पेठ शिकवते.

आता आपल्याकडे वळू. आपल्यातले कितीतरी जण शिकायला पुण्याला गेले, मग नोकरीला हिंजवडीला, बंगळूरला. तिथे पाणी टँकरनं येतं आणि त्याचे पैसे सोसायटीच्या मेंटेनन्समधून जातात. जेवण ॲपवरून येतं. सामान हलवायला माणसं ॲपवरून येतात. आजारी पडलो तर औषधं ॲपवरून येतात. कोणाला फोन करून "जरा येतोस का?" म्हणायची वेळच येत नाही. आणि आपण म्हणतो, "बरं आहे, कोणाचे उपकार नकोत!" हे वाक्य आपल्याला नम्रतेचं वाटतं. आपण कोणाला त्रास देत नाही, कोणावर ओझं टाकत नाही.

समजा, आपल्यातल्याच एकाची आई आजारी आहे. तो सुट्टी काढून घरी आलाय. दुपारी शेजारच्या मावशी डबा घेऊन दारात उभ्या. ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगाची चटणी. त्या दिवसभर विड्या वळतात, हे त्याला माहीत आहे. तो अगदी प्रेमानं म्हणतो, "मावशी, कशाला एवढा त्रास घेतलात? मी जेवण मागवलंय. तुम्हीच दमला असाल, हे पाचशे रुपये ठेवा, काही लागलं तर सांगा." त्यात एकही वाकडा शब्द नाही. पण मावशी डबा घेऊन परत फिरतात, तेव्हा त्या आल्या होत्या त्यापेक्षा लहान होऊन गेलेल्या असतात. शेजारीण म्हणून आल्या, गरजू बाई म्हणून गेल्या. त्यांच्याकडे द्यायला जे होतं ते चाललं नाही, आणि त्यांच्या हातात काहीतरी ठेवायची घाई मात्र झाली.

त्या मुलानं काही पाप केलं असं मी म्हणत नाही. मी एवढंच विचारतेय, त्या दारात नम्र कोण होतं?

देणाऱ्याची जागा फार सुरक्षित असते, प्रियांनो. देणारा उभा असतो, घेणारा हात पुढे करतो. देणाऱ्याला आपली कमतरता दाखवावी लागत नाही. आणि पायांचं म्हणाल तर आपण पाय झाकूनच ठेवतो. टाचांच्या भेगा, धूळ, घाम, दिवसभर मागावर उभं राहून सुजलेले घोटे. चेहरा धुऊन, केस विंचरून चर्चला जाता येतं. पण पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचे म्हणजे आपण कुठून कुठून चालत आलोय ते सगळं त्याला दिसणार. पेत्रानं पाय ओढून घेतले यात नवल काय!

इथे कोणीतरी बायबल उघडून मला थांबवेल. "अहो, प्रेषितांची कृत्ये २०:३५ वाचा. घेण्यापेक्षा देण्यात जास्त धन्यता आहे, असं स्वतः प्रभूचं वचन पौल तिथे सांगतो. आणि पौल स्वतः तंबू शिवून पोट भरायचा, कोणावर भार टाकायचा नाही." खरं आहे. हातानं काम करून जगणाऱ्या पौलाचा मान विणकरांच्या गावाला तर जास्तच वाटायला हवा. फुकट खायची सवय लागू नये, म्हणून त्यानं थेस्सलनीकाच्या मंडळीला चांगलं खडसावलंही आहे.

पण पौलाचं सगळं पत्रव्यवहार वाचा. करिंथच्या मंडळीकडून त्यानं पैसे घेतले नाहीत. आणि २ करिंथ १२:१३ मध्ये तो त्यांना उपरोधानं काय म्हणतो? की मी तुमच्यावर भार टाकला नाही, एवढ्याच बाबतीत तुम्ही इतर मंडळ्यांपेक्षा कमी पडलात, माझ्या या अन्यायाची क्षमा करा! शब्दांत टोचणी आहे, पण आतली गोष्ट खरी आहे. कोणाकडून काहीच न घेणं हासुद्धा त्या माणसाला कमी लेखण्याचा एक प्रकार होऊ शकतो, आणि करिंथच्या लोकांना ते लागलं होतं.

याच्या उलट फिलिप्पै. तिथल्या मंडळीकडून त्यानं पुन्हा पुन्हा मदत घेतली, आणि फिलिप्पै ४:१५ मध्ये तो सांगतो की देण्याघेण्याच्या बाबतीत माझ्याशी भागी केली ती एकट्या तुम्हीच. नुसतं देणं नाही, देणं आणि घेणं दोन्ही. फिलिप्पैची सुरुवात कशी झाली होती आठवतं? प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये लुदिया नावाची जांभळ्या कापडाची व्यापारी बाई भेटते. बाप्तिस्मा झाल्यावर ती पौलाला आणि सोबत्यांना आपल्या घरी राहण्याचा इतका आग्रह करते की त्यांना जावंच लागतं. पौल त्या कापडवाल्या बाईच्या घरी पाहुणा म्हणून राहिला. युरोपातल्या त्या मंडळीची सुरुवात सुवार्तिकानं कोणाच्या तरी घरी घेतलेल्या पाहुणचारापासून झाली.

आणि "देण्यात जास्त धन्यता" या वचनाचा नीट विचार करा. देण्यात जास्त धन्यता असेल, तर कधीच न घेणारा माणूस ती सगळी धन्यता एकट्यानं साठवून ठेवतोय! शेजाऱ्यालाही ती मिळायची असेल, तर कोणीतरी घ्यायला नको का?

आता खुद्द प्रभूकडे पाहा. त्याचा जन्म झाला तेव्हा ठेवायला जागा नव्हती, गव्हाणीत ठेवलं. शिकवायला बसला तो पेत्राच्या मचव्यात. लूक ८:३ सांगतं की काही स्त्रिया आपल्या पैशांतून त्याची आणि शिष्यांची सेवा करत होत्या. यरुशलेमेत शिरला तो मागून आणलेल्या शिंगरावर. शेवटचं भोजन दुसऱ्याच्या माडीवर. वधस्तंभ वाहायला कुरेनेकर शिमोन, आणि पुरलं तेही योसेफाच्या कबरेत. स्वर्ग-पृथ्वीचा धनी, पण जन्मापासून मरणापर्यंत दुसऱ्याच्या वस्तूंवर जगला. आणि हे करताना तो एकदाही लाजलेला दिसत नाही.

तेराव्या अध्यायाच्या आधी बारावा येतो, हे आपण विसरतो. बेथानीत मरीया येशूच्या पायांना महागडं सुगंधी तेल लावते आणि केसांनी ते पुसते. येशू पाय मागे घेत नाही. ती जे करतेय ते करू देतो. म्हणजे शिष्यांचे पाय धुवायच्या काही दिवस आधी त्यानं आपले पाय दुसऱ्याच्या हातात दिले होते. आणि तिथे तक्रार कोण करतं? यहूदा. काय म्हणून? हे विकून गरिबांना देता आलं असतं! देण्याचं तत्त्व पुढे करून घेणाऱ्याला गप्प करणं किती जुनं आहे बघा.

मग योहानाचा चौथा अध्याय, शोमरोनी स्त्री आणि विहीर. दुपारची वेळ, येशू दमलाय, त्याच्याकडे पोहरा नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. ती चक्रावते. यहूदी माणूस शोमरोनी बाईच्या हातचं पाणी मागतोय? आपल्या महाराष्ट्रात हा अध्याय वाचताना अंगावर काटा यायला हवा. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं नाही, यावर आपला समाज शेकडो वर्षं उभा होता. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा ते पुण्यात मोठं धाडस होतं. इथे तर येशू एक पाऊल पुढे आहे. तो तिला आपलं पाणी देऊन थांबत नाही, आधी तो तिच्या हातचं मागतो. जिला लोक कमी लेखत होते, तिला तो देणारी करतो. जिवंत पाण्याचं बोलणं त्यानंतर सुरू होतं.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात हाच प्रसंग एका स्वयंपाकघरात घडलाय. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. पुढे त्या नवऱ्याबरोबर राहायला आल्या तरी सोवळं सोडवत नव्हतं. पाणी वेगळं, चूल वेगळी, कोणाच्या हातचं खाणं नाही. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी हे सगळं स्वतःवर हसत हसत लिहिलंय, म्हणून ते पुस्तक आजही ताजं वाटतं. मग हळूहळू त्यांच्या मनात उजाडलं की हा भेद देवानं केलेला नाही, माणसानं केलाय. आणि त्यांनी ठरवलं की यापुढे कोणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला यात क्रम महत्त्वाचा वाटतो. गरिबांना वाढायला त्या आधीही तयार असत्या. ब्राह्मण घरात दानधर्म काही नवा नव्हता. दार उघडलं ते घेण्याच्या बाजूनं. बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या आधी त्यांनी शेजाऱ्याच्या हातचं पाणी स्वीकारलं.

आणि टिळकांनी स्वतः १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात संन्यस्त वृत्तीनं राहून 'देवाचा दरबार' सुरू केला. तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. ठरलेला पगार सोडायचा आणि लोक प्रेमानं जे देतील त्यावर राहायचं, हे त्या वयात सोपं नसतं.

इथे मला एक गोष्ट नीट बोलायची आहे, नाहीतर या सगळ्या लिहिण्याचा उलटा अर्थ निघेल. आपल्या सोलापूर-नगर भागातल्या मंडळ्यांमध्ये अनेक घरांची मुळं गावकुसाबाहेरची आहेत. आपल्या पणजोबांना कोणी नम्रता शिकवायची गरज नव्हती, ती त्यांच्यावर लादलेलीच होती. पाणी वरून ओंजळीत ओतून घ्यायचं, शिळं-पाकं मागून न्यायचं. वर ख्रिस्ती झाल्यावर "पोटासाठी धर्म सोडला" हे टोमणेही ऐकायचे. अशा घरातल्या मुलाला "घ्यायला शीक, नम्र हो" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. "कोणाचे उपकार नकोत" हे वाक्य त्याच्या घरात गर्वातून आलेलं नसतं, तीन पिढ्यांच्या अपमानातून आलेलं असतं.

म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ठेवू या. हक्क, भीक आणि भेट. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायले, तेव्हा ते कोणाकडे मागत नव्हते. तो हक्क होता, आणि हक्क मागताना मान झुकवायची नसते. जिथे हक्क आहे तिथे नम्रतेचं नाव घेऊन कोणाला गप्प बसवणं हे पाप आहे, मग ते चर्चच्या कमिटीत होवो की घरात सुनेच्या बाबतीत. भीक म्हणजे जिथे एकच जण कायम देतो, दुसरा कायम घेतो, आणि देणारा ते विसरू देत नाही. तिथे असते ती लाचारी. आणि भेट म्हणजे पेठेतला डबा. आज तुझ्याकडून माझ्याकडे, उद्या माझ्याकडून तुझ्याकडे, आणि मोजदाद कोणी ठेवत नाही.

म्हणून घ्यायला शिकायचा धडा आधी कोणासाठी आहे? ज्याला द्यायची सवय आहे त्याच्यासाठी. विहिरीवर पाणी मागितलं ते यहूदी पुरुषानं, शोमरोनी बाईनं नाही. भाकरी घ्यायची आहे ती पगारदार मुलानं, विडी वळणाऱ्या मावशींकडून. ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं हात पुढे केला तर समोरचा मोठा होतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून अजून वाकायची अपेक्षा ठेवणं, हे येशूच्या शिकवणीत कुठेच बसत नाही.

आणि पुन्हा चौदावं वचन पाहा. प्रभू असं म्हणत नाही की तुम्ही जाऊन इतरांचे पाय धुवा. तो म्हणतो एकमेकांचे. या "एकमेकांचे" मध्ये सगळं आलं. तुम्हाला माझे धुवायचेत, तर मला पाय पुढे करावे लागणार, आणि उलटही. बारा जणांच्या खोलीत प्रत्येक जण धुणाराच झाला, तर धुवायचे कोणाचे?

आपल्या जिल्ह्यातच पंढरपूर आहे. आषाढीच्या वारीत दोन वारकरी भेटले की दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. वय बघत नाहीत, पैसा बघत नाहीत. सत्तर वर्षांचे आजोबा विशीतल्या पोराच्या पाया पडतात आणि तो पोरगा गडबडून मागे सरकत नाही, सरकायचंही नसतं. त्यानं नमस्कार घ्यायचा आणि स्वतः वाकायचं. संत नामदेवांची पायरी तिथे मंदिराच्या महाद्वारातच आहे, येणाऱ्या भक्तांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून. टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. वारकऱ्यांची ती गळाभेट बघितली की त्या पुलाचा एक खांब कुठे रोवलाय ते कळतं. "एकमेकांचे" हा शब्द आपल्या मातीला परका नाही.

पेठेतल्या जुन्या मागावर धोटा बघितलाय ना? उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. तो एका बाजूला जाऊन तिथेच राहिला, तर टॉवेल काय आणि चादर काय, एक वीतभरही विणली जाणार नाही. येशूनं त्या रात्री कमरेला गुंडाळला तोही कोणाच्या तरी मागावरून आलेला एक रुमालच होता. मंडळीचं तसंच आहे. द्यायचं आणि घ्यायचं, दोन्हीकडून धागा गेला तरच वस्त्र होतं.

आणि शेवटी, कृपा म्हणजे तरी काय? इफिस २:८-९ आपण साक्षी देताना सारखं सांगतो. तारण हे देवाचं दान आहे, कर्मानं मिळालेलं नाही, म्हणून कोणी बढाई मारू नये. पण ज्या माणसाला शेजारणीच्या चार घागरी घेताना कसंतरी होतं, तो देवाकडून आख्खं तारण फुकट कसं घेईल? तो त्याचीही किंमत चुकवायला बघेल. सेवा करून, दशमांश देऊन, कमिटीत राबून. करू दे, चांगलंच आहे. पण आतून तो अजून पेत्रासारखा पाय मागे ओढून बसलेला असेल. घेण्याची सवय देवापासून एकदम लागत नाही. ती शेजारणीच्या डब्यापासून लागते.

या आठवड्यात एक गोष्ट करून पाहू या. कोणी मदत करतो म्हणालं, तर "कशाला त्रास" हे तोंडावर आलेलं वाक्य गिळायचं आणि म्हणायचं, "बरं होईल, या." एवढंच. त्याचे पैसे लगेच पाठवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठं काही करून हिशेब मिटवायचा नाही. काही दिवस त्या माणसाचे ऋणी राहायचं. आणि शक्य असेल तर अशा माणसाकडून घ्यायचं, ज्याला आजवर आपण फक्त देतच आलोय. घरकाम करणाऱ्या ताई, वॉचमन काका, बहिणीचा धाकटा मुलगा, मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या आजी. आजींना फोन करून सांगा, "माझ्यासाठी प्रार्थना कराल का? मला गरज आहे." त्यांचा आवाज कसा बदलतो ते ऐका.

प्रार्थना

प्रभू येशू, तू विहिरीवर पाणी मागितलंस आणि मरीयेला तुझे पाय धरू दिलेस. आम्हाला द्यायला आवडतं, कारण देताना आम्ही उभे असतो. आम्हाला बसायला शिकव. आमच्या भेगाळलेल्या टाचा तुझ्या आणि तुझ्या लेकरांच्या हातात द्यायला शिकव. ज्यांना आजवर फक्त घ्यायलाच लावलं, त्यांच्यापुढे आम्हाला हात पुढे करता येऊ दे. आमच्या पेठेत, आमच्या सोसायटीत, आमच्या मंडळीत देणं आणि घेणं दोन्ही चालू राहू दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.